नक्कल पाठ असणारी माणसे

मराठी नाटकाचा इतिहास आपण कंपन्यांच्या नावांनी सांगतो. किर्लोस्कर, गंधर्व, ललितकलादर्श, बलवंत. मग बोलपट आला, कंपन्या बुडाल्या, पुढे नवनाट्य आले, असा तो सरकत जातो. या सांगण्यात एक माणूस हटकून निसटतो. दिवसा शाळेत शिकवणारा, पोस्टात शिक्के मारणारा, रापण ओढणारा, आंब्याच्या पेट्या भरणारा आणि वर्षातून एखाद्या रात्री तोंडाला रंग लावून अर्जुन, कच किंवा सुधाकर होणारा हा माणूस. मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांतून पाहिले की तो कडेला उभा दिसतो. मालवणच्या उत्तरेला आचऱ्यासारख्या गावातून पाहिले तर मध्यभागी तोच असतो. कंपन्या आल्या आणि गेल्या. हौशी नट त्यांच्या आधी होता आणि नंतरही राहिला. देवल, खाडिलकर, गडकरी यांची नाटके आज पुस्तकाबाहेर ऐकू येतात त्यात त्याचा वाटा सर्वांत मोठा आहे, असे आमचे ठाम मत आहे.

सुरुवातच पाहा. १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ झाले. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना तसे काही मराठीत करायला सांगितले. मराठीत नट हा पेशाच तेव्हा नव्हता. भाव्यांनी असतील ती माणसे जमवली आणि त्यांना उभे राहण्यापासून बोलण्यापर्यंत सगळे शिकवले. १८५७ पासून परशुरामपंत गोडबोल्यांनी वेणीसंहार, उत्तररामचरित, शाकुंतल, मृच्छकटिक मराठीत आणली, तीही नाटक कंपनी डोळ्यांपुढे ठेवून नव्हे. पुण्यातल्या शिकलेल्या तरुणांच्या आर्योद्धारक मंडळीने शेक्सपिअर मराठीत उभा केला, तो नोकऱ्या आणि अभ्यास सांभाळून. ३१ ऑक्टोबर १८८० ला ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक पुण्यात झाले तेव्हा अण्णासाहेब किर्लोस्कर सरकारी कचेरीत नोकरीला होते. देवल मास्तर होते, श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वकील आणि खाडिलकर ‘केसरी’त. ज्या नाटकांना आज आपण अभिजात म्हणतो, ती पोटापाण्याचा दुसरा उद्योग असलेल्या माणसांनी लिहिली आणि त्यांतली कित्येक आधी तशाच माणसांनी केली.

कंपन्यांचे ऋण कमी लेखायचे नाही. गाण्याला, वेशभूषेला, रंगमंचाच्या थाटाला त्यांनी जी उंची दिली ती फावल्या वेळात मिळणारी नव्हती. ८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मुंबईत ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग केला, त्याची आठवण शंभर वर्षे पुरली. पण त्या वैभवाखाली कर्ज साचत होते. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ बोलू लागला आणि पुढच्या पाच-सात वर्षांत एकेक कंपनी बसली. नाटके मात्र बसली नाहीत. ती गेली कुठे, हा प्रश्न आपल्या नाट्येतिहासाने नीट विचारलेला नाही. ती गावच्या उत्सवात गेली, गिरणगावातल्या मंडळांत गेली, बँका आणि रेल्वेच्या क्लबांत गेली, गोव्यातल्या देवळांपुढच्या मांडवांत गेली.

सिंधुदुर्गात ती पोचली तेव्हा जमीन आधीच नांगरलेली होती. इथे दशावतार होता.

कार्तिकात भात घरात आले की जत्रा सुरू होतात. वालावल, मोचेमाड, आजगाव, पार्से, चेंदवण अशा गावांची नावे लावणारी दशावतारी मंडळे त्या दिवसांत गावोगाव फिरतात. पूर्वी नट आपला पेटारा डोक्यावर घेऊन चालत येत, आता टेम्पोतून येतात. पेटारा उतरला की रंगपटात गणपतीची पूजा होते. प्रत्येक नट आपला चेहरा स्वतः रंगवतो, स्त्रीवेशही पुरुषच घेतात. आधी आडदशावतार होतो. त्यात गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती येतात, मग पोरांना घाबरवणारा आणि हसवणारा काळा संकासुर. त्यानंतर आख्यान लागते ते पहाटेपर्यंत चालते आणि शेवटी दहीकाला फुटतो. रंगमंचावर सामान म्हणाल तर एक बाकडे. तेच सिंहासन, तेच रथ, तेच कैलास. पेटी, मृदंग आणि झांज एवढ्यावर युद्ध होते. आणि हातात संहिता नाही. कथा ठरलेली, प्रवेशांचा क्रम संध्याकाळी ठरलेला, बोलणे मात्र त्या क्षणी सुचेल ते. समोरच्याने पुराणातला दाखला दिला तर आपण दुसरा द्यायचा. पावसाळ्यात शेतात चिखल करणारा माणूस हिवाळ्यात रात्रभर उभा राहून धर्म आणि नीती यांवर वाद घालतो, आणि चुकला तर पहिल्या रांगेतले म्हातारे त्याला तिथेच सांगतात.

असे खेळ बघत वाढलेल्या पोराच्या हातात जेव्हा ‘सौभद्र’ पडते तेव्हा काय होते, हा फार मोलाचा प्रश्न आहे. गोष्ट त्याला ठाऊक असते. अर्जुन, सुभद्रा, बलराम, कृष्ण हे त्याच्या ओळखीचे लोक. नवे असते ते एवढेच की इथे शब्द दुसऱ्याचे आहेत आणि ते बदलायचे नाहीत. दशावतारात त्याला तोंड सोडायची सवय, इथे तोंड आवरायचे. पद नेमक्या जागी उचलायचे, साकी संपताना समोरच्याला वाक्य द्यायचे. हे शिस्तीचे काम तो शिकतो ते नकलेवरून.

नक्कल म्हणजे नटाने आपली भूमिका उतरवून घेतलेली वही. अख्खे पुस्तक प्रत्येकाकडे नसे. एक जण पुस्तक धरी, बाकीचे आपापली वाक्ये लिहून घेत, आणि आधीच्या माणसाच्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द वर टिपून ठेवत, म्हणजे आपली पाळी कुठे येते ते कळे. दोनरेघी वही, निळी शाई, पदांखाली लाल रेघ, समासात कुणीतरी लिहिलेले ‘इथे थांब’. तेलाचे डाग, कोपऱ्याला वाळवी. अशी वही होडीत, आगराच्या कडेला, दुकानाच्या गल्ल्यामागे सोबत असते. दोन-अडीच महिने माणूस तीच वाक्ये पुटपुटत असतो आणि घरातली माणसे नकळत ती ऐकून पाठ करतात. ज्याने गडकऱ्यांचे लांबलचक वाक्य श्वास कुठे घ्यायचा हे ठरवून पन्नास वेळा म्हटले आहे, त्याला त्या वाक्याची रचना एखाद्या पदवीधराहून अधिक कळते. अनुप्रास कुठे ओझे होतो आणि कुठे उचलून धरतो हे त्याच्या जिभेला समजलेले असते. शाळेने जे मराठी त्याला दिले नाही ते तालमीने दिले. ‘एकच प्याला’तला उतारा पाठ्यपुस्तकात वाचून कुणाचे मराठी सुधारल्याचे आमच्या ऐकिवात नाही, सुधाकर उभा केलेल्या माणसाचे बोलणे मात्र जन्मभर वेगळे राहते.

दुसरी गोष्ट प्रेक्षकांची. शहरात आपण नट पाहायला जातो. गावात शेजारी पाहायला जातो. सनद रद्द झालेला, अपमानाने पेटलेला सुधाकर तळीरामाच्या हातून पहिला पेला घेतो तेव्हा मांडवातल्या प्रत्येकाला ठाऊक असते की हे काम करणारा माणूस सकाळी आपल्याच दुकानात साखर तोलत होता. तो दारूला शिवत नाही हे माहीत असते. तळीराम करणारा मात्र शिवतो, हेही माहीत असते. सुधाकराची बायको सिंधू जात्यावर दुसऱ्याचे दळण दळते तेव्हा बायकांच्या बाजूला जी शांतता होते ती कुठल्या घरांमुळे होते, तेही सगळ्यांना कळते. १९१९ साली गंधर्व मंडळीने हे नाटक आणले, लेखक गडकरी ते पाहायला उरले नव्हते. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर यांचे वर्णन आपण वाचतो आणि हळहळतो. पण नाटक माणसाला घरी जाऊन झोपू देत नाही ही त्याची खरी कसोटी असेल, तर ओळखीच्या माणसांनी केलेला ‘एकच प्याला’ त्या कसोटीला अधिक उतरतो, असे आम्ही जबाबदारीने लिहीत आहोत. ‘शारदा’चेही तेच. देवलांनी १८९९ साली म्हाताऱ्या भुजंगनाथाला मुलगी विकणारा कांचनभट रंगमंचावर उभा केला. बालविवाहाविरुद्धचा कायदा १९२९ चा. मधल्या तीस वर्षांत ज्या ज्या गावी ‘शारदा’ झाले, तिथे कायद्याआधी मांडवाने त्या बापाचा निवाडा केला, आणि करणारे त्याच गावचे होते.

या किनाऱ्याने मराठी नाटकाला नुसते प्रेक्षक दिलेले नाहीत. भार्गवराम विठ्ठल ऊर्फ मामा वरेरकर १८८३ चे. जन्म चिपळूणचा, पण लहानपणाचा मोठा भाग मालवणात गेला. टपाल खात्यात नोकरी करीत त्यांनी नाटके लिहिली. १९०८ साली ‘कुंजविहारी’ आले, १९१६ साली ‘हाच मुलाचा बाप’, १९२२ साली ‘सत्तेचे गुलाम’. गिरणीतल्या मालक-मजुरांवर ‘सोन्याचा कळस’ लिहिणारा हा माणूस दशावताराच्या मुलखातला होता, हे त्यांच्या संवादांत दिसते, कारण वरेरकरांची पात्रे वाद घालायला कधी थकत नाहीत. आरवलीचे जयवंत दळवी, वेंगुर्ले-कुडाळकडचे चिं. त्र्यं. खानोलकर हे पुढच्या पिढीचे. आणि आचऱ्याचे नाव अंगावर घेतलेले वसंतराव आचरेकर तबल्यावर कुमार गंधर्वांची साथ करीत. त्यांच्या नावाचे प्रतिष्ठान कणकवलीत नाट्यमहोत्सव आणि एकांकिका स्पर्धा भरवते, आणि बाहेरची चांगली नाटके तिथल्या प्रेक्षकाला दाखवते. कुडाळचे बाबा वर्दम थिएटर्सही असेच आपल्या माणसांनी चालवलेले.

या कथेतला दुसरा किनारा मुंबईचा. इथले तरुण बोटीने मुंबईला गेले, गिरणीत लागले, परळ-लालबागच्या खोल्यांत गावाच्या नावाने मंडळे काढून राहिले. त्या मंडळांनी भजने केली आणि नाटके केली. परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ सालचे, सोशल सर्व्हिस लीगच्या आवारातले. कामगार रंगभूमी तिथे वाढली. सोळा जणांच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारा माणूस रात्रपाळी नसेल त्या दिवशी तालमीला जाई, आणि दामोदरमध्ये बसवलेले नाटक मे महिन्यात किंवा उत्सवाला गावी आणी. पडदे, कपडेपट, पेटीवाला, एखादी नटी यांचा खर्च चाकरमान्यांच्या वर्गणीतून भागे. गावच्या रंगमंचाला मुंबईचा पगार पोसत होता. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो कधी संपलाच नाही. त्या संपाने किती कुटुंबे उद्ध्वस्त केली ते पुष्कळांनी लिहिले आहे. कोकणातल्या कित्येक गावांच्या नाटकाचा कणाही त्यात मोडला, याची नोंद व्हायला हवी. सिंधुदुर्ग जिल्हा नुकताच, १ मे १९८१ ला झाला होता. जिल्हा उभा राहत होता आणि त्याच्या रंगमंचाचा आधार निखळत होता.

नेमक्या त्याच सुमारास या हौशी नटाला एक नाटक मिळाले. गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’. गावातली मंडळी द्रौपदी वस्त्रहरणाचे नाटक बसवतात आणि जे जे बिघडू शकते ते सगळे बिघडते, एवढीच गोष्ट. मालवण तालुक्यातल्या रेवंडीच्या मच्छिंद्र कांबळींनी तात्या सरपंच उभा केला आणि १९८० पासून त्याचे हजारो प्रयोग झाले. मालवणी बोली सगळ्या महाराष्ट्राच्या रंगमंचावर ताठ मानेने बसली ती या नाटकामुळे. त्याचे उपकार मान्य करूनही एक सांगितले पाहिजे. ‘वस्त्रहरण’ पाहून शहरातल्या प्रेक्षकाने असा समज करून घेतला की गावचे नाटक म्हणजे फजिती. गवाणकरांना तसे म्हणायचे नव्हते. ती माणसे इतक्या अडचणींत महाभारत करायचे सोडत नाहीत, ही त्या नाटकातली खरी गोष्ट. पैसे नाहीत, नट पळाला, पाठांतर कच्चे आहे, तरी गाऱ्हाणे घालायचे आणि ‘व्हय म्हाराजा’ म्हणून उभे राहायचे. हसून झाल्यावर हा भाग लक्षात ठेवायचा होता.

अडचणीत असे उभे राहायला गावाची एकी लागते. आचऱ्याचा विशेष असा की हा गाव एकत्र मिळून मोठे काम करू शकतो याचा पुरावा त्याच्याकडे आहे. काही वर्षांनी एकदा ग्रामदैवत रामेश्वराचा कौल होतो आणि गावपळण होते. तीन दिवस, तीन रात्री सगळा गाव वेशीबाहेर जातो. म्हातारेकोतारे, तान्ही पोरे, गुरे, कोंबड्या, सगळ्यांसह. सर्व जातिधर्मांची घरे त्यात असतात. वेशीपलीकडे माळावर आणि खाडीच्या काठी झोपड्या उभ्या राहतात, एकत्र चुली पेटतात, रात्री भजने आणि फुगड्या रंगतात. पुन्हा कौल मिळाला की गाव घरी येतो. श्रद्धेचा भाग ज्याने त्याने ठरवावा. पण हजारो माणसांना तीन दिवस घरदार उघडे टाकून वेशीबाहेर नेणे, कुणाची आबाळ होऊ न देणे आणि हे पिढ्यान्‌पिढ्या चालवणे यासाठी जी सामाजिक ताकद लागते ती फार थोड्या गावांत उरली आहे.

अशी ताकद नाटकाला लागली तर काय होते, याचे एक उदाहरण परदेशात आहे. जर्मनीत बव्हेरियाच्या डोंगरात ओबरामरगाऊ नावाचा गाव आहे. १६३३ साली प्लेगच्या साथीत तिथल्या लोकांनी नवस केला की साथ टळली तर येशूच्या अखेरच्या दिवसांचे नाटक आम्ही करीत राहू. १६३४ साली पहिला प्रयोग झाला. आज साधारण दर दहा वर्षांनी तो होतो, २०२० चा कोरोनामुळे लांबून २०२२ साली झाला. त्यात काम करायला माणूस त्या गावात जन्मलेला तरी हवा किंवा वीस वर्षे तिथे राहिलेला तरी. सुतार, शिक्षक, हॉटेलवाले वर्षभर आधीपासून केस-दाढी वाढवतात आणि जगभरातून लोक तो प्रयोग पाहायला जातात. जुन्या अथेन्समध्ये शोकांतिकेचा कोरस नगरातल्या सामान्य नागरिकांचाच असे, हे ग्रीक नाटक शिकवताना सांगितले जाते. अशी उदाहरणे आपण कौतुकाने वाचतो. गावपळण करणाऱ्या गावाला ओबरामरगाऊ परका वाटण्याचे कारण नाही. नवस, ठरलेला काळ, सगळ्यांचा सहभाग आणि पुढच्या पिढीला सोपवलेले काम हे सारे आपल्याकडे आहे. त्या ताकदीतला एक हिस्सा नाटकाकडे वळवावा, एवढेच मागणे आहे.

स्वातंत्र्यानंतर सरकार हौशी नटाला विसरले नाही, हेही खरे. राज्य नाट्य स्पर्धा गेली साठ-सत्तर वर्षे चालू आहे, कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धा आहेत, संगीत नाटकांची स्पर्धा वेगळी आहे. त्यातून माणसे घडली. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन. १९५१ पासून पुण्यात पीडीए (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) या संस्थेत हौसेने नाटक करीत राहिले, १९६९ साली व्यवसाय सोडून पूर्णवेळ नट झाले, आणि १९७० साली त्यांनी ‘नटसम्राट’ केले. वसंतराव देशपांड्यांनी कित्येक वर्षे लष्करी हिशेब खात्यात काम केले. गोव्याचे रामदास कामत एअर इंडियात नोकरी करीत ‘मत्स्यगंधा’त गात. ज्या संस्थेने ‘मत्स्यगंधा’ आणि ‘नटसम्राट’ उभे केले ती गोवा हिंदु असोसिएशन १९१९ साली मुंबईत स्थापन झालेली सेवाभावी संस्था. कार्यकर्ते मानधन न घेता राबले आणि नाटकातून आलेला पैसा समाजकार्यात गेला. फोंड्याजवळ बांदोड्याचे स्नेहमंदिर त्यातलेच. आपल्या व्यावसायिक रंगभूमीची सर्वांत भक्कम वर्षे ज्यांच्या खांद्यावर उभी राहिली त्यांतले कितीतरी जण दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत हजर होत.

मग अडचण कुठे आहे? जुने नाटक अख्खे होणे थांबत चालले आहे. ‘नाट्यगीतांची मैफल’ हा सोयीचा प्रकार सगळीकडे रुजला. पाच गायक, एक निवेदक, दोन तासांत किर्लोस्करांपासून अभिषेकींपर्यंत सगळे उरकते. गाणे टिकते याचा आनंद आहेच, पण पद कुणी, कुणाला, कोणत्या घडीला म्हटले हे निघून गेले की ते नाटक राहत नाही. सुभद्रेचे पद सुभद्रेच्या संकटातून येते. त्याआधीचा प्रवेश कापला की उरते ती चाल. स्पर्धांचेही असेच. परीक्षकांना नवी संहिता हवी, दीड-दोन तासांत बसणारी, कमी पात्रांची. नव्या नाटकाला स्पर्धेने बळ दिले हे योग्यच झाले. पण त्यामुळे गावातला तरुण नट ‘मृच्छकटिक’ला हात न लावता, ‘भावबंधन’ न वाचता तिशी गाठतो. रत्नागिरीत खल्वायनसारखी संस्था नेटाने संगीत नाटके करते, गोव्यात तर उत्सवात गावकऱ्यांनी मराठी नाटक करणे आजही चालू आहे. मधल्या पट्ट्यात, सिंधुदुर्गात, दशावतार जोरात आहे आणि संहितेचे जुने नाटक मागे पडले आहे. दोन्ही बाजूंनी हात धरायला माणसे असताना हे व्हावे याचे वाईट वाटते.

खर्चाचे कारण पुढे केले जाते. ते अर्धेच खरे. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. किर्लोस्कर १८८५ साली गेले, देवल १९१६ साली, गडकरी १९१९ साली, कोल्हटकर १९३४ साली, खाडिलकर १९४८ साली. यांची सगळी नाटके आज कुणालाही करता येतात, मानधनाचा प्रश्न नाही. मामा वरेरकर १९६४ साली गेले, म्हणजे २०२५ पासून त्यांचीही नाटके मोकळी झाली. मालवणच्या नाट्यगृहाला त्यांचे नाव दिलेले आहे. त्या नाट्यगृहात तालुक्यातल्या हौशी मंडळांनी दरवर्षी वरेरकरांचे एक नाटक करावे, याहून योग्य स्मारक दुसरे नाही. ‘सोन्याचा कळस’ गिरणगावात आयुष्य घातलेल्या माणसांच्या नातवंडांनी करावे, असे आम्हांला फार वाटते.

जुनी नाटके जशीच्या तशी पुजावी असे आमचे म्हणणे नाही. पाच अंकांचे तीन करा. ज्या प्रवेशांत बायकांची किंवा कुठल्या जातीची टिंगल आहे ते गाळा, नाहीतर टिंगल करणाराच उघडा पडेल असे ते करा. पूर्वी स्त्रीभूमिकेसाठी बाहेरून नटी आणावी लागे, कारण गावच्या मुलीने रंगमंचावर जाणे कुणाला चालत नसे. आता मुली उभ्या राहतात आणि चांगले काम करतात. हे फार उशिरा झाले. ज्या गावाने शंभर वर्षे ‘शारदा’ पुरुषाकडून किंवा बाहेरच्या नटीकडून ऐकले, त्याने ते आता शारदेच्या वयाच्या मुलीकडून ऐकावे. नाटक नव्याने कळेल. पेटी-तबला मिळेना तर ध्वनिमुद्रित साथीवर गाऊ नका. भजनी मंडळात पेटीवाला असतोच, त्याला तालमीला बसवा. प्रॉम्प्टर ठेवा, पण नटाचे पाठांतर चोख होईपर्यंत तारीख जाहीर करू नका. एवढी शिस्त पाळली तर बाकीचे जमते.

वाचनालयांनी करण्यासारखे एक काम आहे आणि ते तातडीचे आहे. घराघरांत, माळ्यावरच्या ट्रंकांत, जुन्या नकला पडल्या आहेत. कुणाच्या आजोबांनी कृष्ण केला होता, कुणाच्या मामांनी धैर्यधर. त्या वह्यांत नुसती नाटके नाहीत. कोणत्या वर्षी, कोणत्या मांडवात, कुणी कोणते काम केले, कुठला प्रवेश गाळला, कुठे नवी चाल लावली हे त्यांत लिहिलेले आहे. कोकणातल्या हौशी रंगभूमीचा खरा दप्तरखाना हाच. दरवर्षीचा पाऊस त्यातला थोडा खातो. गावच्या वाचन मंदिराने एक कपाट त्यासाठी मोकळे करावे, वह्या मागून घ्याव्यात, मोबाइलवर त्यांची पाने टिपून ठेवावीत आणि मूळ वही घरच्यांना हवी असल्यास परत द्यावी.

वाचकांपैकी जे चाकरमानी आहेत त्यांना शेवटचे सांगणे. पुढच्या वेळी उत्सवाची वर्गणी मागायला मंडळाचे पोरगे दारात येईल तेव्हा पावती घेण्याआधी विचारा, यंदा नाटक कोणते. कोणतेच नाही असे उत्तर आले तर एक नाव सुचवा, पडद्यांचा खर्च उचला, आणि चार दिवसांची जास्त रजा काढून एखादी छोटी भूमिका स्वतःसाठी मागून घ्या. नक्कल उतरवून द्यायला गावात अजून माणसे आहेत.